पेल्याच्या बुडावरचं नाव

ओसाकाहून कोबेला जायला तीन कंपन्यांच्या तीन गाड्या आहेत. एक समुद्राच्या बाजूने जाते, एक मधून आणि एक डोंगराच्या कडेने. त्या रविवारी सकाळी मी डोंगराकडची धरली, कारण तिच्यातल्या हिरव्या खुर्च्या मऊ असतात आणि मला अर्धा तास कोणाशीही न बोलता बसायचं होतं. शर्टाच्या खिशात एक रिकामी काडेपेटी होती. तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची. तिच्यावर नारळाचं झाड, खाली कोबेतल्या एका बारचं नाव आणि त्याखाली पुसट पत्ता. ती माझ्या वडिलांची होती.

आधी माझ्या खुळाबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी पुण्याचा. एका जपानी बँकेचं सॉफ्टवेअर बदलायला आमच्या कंपनीनं जी पलटण ओसाकाला पाठवली, त्यात मी होतो. सहा महिन्यांचं काम होतं, त्याची चार वर्षं झाली. बाकीचे लोक सुटीच्या दिवशी क्रिकेट खेळायचे, नाहीतर कोणाच्या तरी घरी जमून पावभाजी करायचे. मी जुने ‘तिकी’ बार शोधत फिरायचो. तिकी म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या लाकडी मूर्ती. साठ-सत्तर साली जपानी माणसाला हवाईची मोठी हौस होती. तिकीट परवडायचं नाही, म्हणून गल्लोगल्ली बांबूच्या भिंतींचे बार निघाले. छताला जाळी, जाळीत प्लास्टिकचे मासे, आणि दारू द्यायला त्या मूर्तींच्या तोंडाचे चिनीमातीचे उभे पेले. पुढे लोक खरंच हवाईला जाऊ लागले आणि हे बार ओस पडले. त्यांच्या उरल्यासुरल्या वस्तू मी गोळा करायचो. पेले, काडेपेट्या, मेनूकार्डं, राखदाण्या.

वाकायामाच्या किनाऱ्यावर एका बंद पडलेल्या हॉटेलच्या मागच्या दारी मी दोन तास पावसात उभा राहिलोय, कारण तिथला रखवालदार तळघरातली मेनूकार्डं दाखवतो म्हणाला होता. दाखवलीही त्यानं. ओली होऊन सगळी एकमेकांना चिकटली होती. तरी मी ती लगद्यासारखी थप्पी घरी आणली आणि हेअर ड्रायरनं वाळवत बसलो. माझी बायको अनघा म्हणाली, “परक्यांच्या घरातलं सामान इतकं जपतोस. आपल्या लग्नाचा अल्बम कुठे आहे ते तरी माहितीये का तुला?” मला माहीत नव्हतं.

तर या संग्रहातली माझी सगळ्यात मोठी कमाई म्हणजे अकरा पेले. ओसाकातल्या एका देवळाच्या आवारात महिन्यातून एकदा जुन्यापान्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे छोट्या टेम्पोतून माल आणणाऱ्या एका माणसाकडे एक खोकं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेले अकराच्या अकरा पेले एकाच साच्यातले. जाड ओठ, नाक फेंदारलेलं, एक डोळा उघडा आणि एक मिटलेला. असा चेहरा मी कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता. कुठले, विचारलं, तर तो म्हणाला, “कोबेकडचे.” मी घासाघीसही केली नाही. खोकं छातीशी धरून मेट्रोतून घरी आलो.

तेव्हा आई आमच्याकडे तीन महिने राहायला आली होती. बाबा आले नव्हते. “मी पाहिलंय जपान,” एवढंच म्हणाले होते. आईनं खोक्यात डोकावून पाहिलं आणि नाक मुरडलं.

“कोणाकोणाची उष्टी भांडी ही. त्यातून दारूची. घासल्याशिवाय घरात ठेवायची नाहीत.”

“आई, शोभेच्या वस्तू आहेत.”

“उष्टं ते उष्टं. शोभेला ठेवलं म्हणून काय झालं?”

तिचा स्पंजवर विश्वास नव्हता, म्हणून येताना पुण्याहून नारळाचा काथ्या घेऊन आली होती. आम्ही बाथटबमध्ये गरम पाणी आणि ब्लीच घातलं, पेले रात्रभर भिजवले आणि सकाळी मायलेक घासायला बसलो. आईनं चेहरे घेतले, मी बुडं घेतली. प्रत्येक बुडावर लाल रंगात काहीतरी गिरबटलेलं होतं. बाजारातले लोक मालावर खुणा करतात तशी खूण असेल, असं मी धरून चाललो. ब्लीचनं तो रंग नुसता मऊ झाला, गेला नाही. मग अनघाची नेलपॉलिश काढायची बाटली आणली. एकेका बुडाला पाच-सहा मिनिटं लागली. शेवटी अकराही पेले टॉवेलवर पालथे घालून आई म्हणाली, “आता कशी माणसांत आल्यासारखी दिसतात.” मलाही तेव्हा फार बरं वाटलं होतं.

पुढे त्यातले तीन मी अदलाबदलीत दिले. दोन सप्पोरोच्या एका संग्राहकाला, एक अमेरिकेत. उरलेले आठ टीव्हीवरच्या फळीवर मांडले.

हे झालं दोन वर्षांपूर्वी. मागच्या दिवाळीत आम्ही पुण्याला गेलो, तेव्हा बाबांचं अर्धं अंग लुळं पडून चार महिने झाले होते. बोलणं बरंच परत आलं होतं, डावा हात आला नव्हता. दिवाणखान्यात शोभेला म्हणून मी वाकायामाच्या त्या हॉटेलातली एक लाकडी राखदाणी नेली होती. बाबांनी ती उजव्या हातात घेतली, फिरवून पाहिली आणि आपल्याशीच बोलावं तसं म्हणाले, “कोबेत माझ्या नावाचा एक पेला आहे.”

आई चकल्यांची ताटली घेऊन येत होती. ती तशीच मागे वळून स्वयंपाकघरात गेली.

आमच्या घरात कोबे हा विषय निघत नसे. मी जन्मलो तेव्हा बाबा मुंबईच्या एका निर्यात कंपनीतर्फे कोबेला होते. तीन वर्षं होते. परतल्यावर त्यांच्या कोटाच्या खिशात आईला ही बारची काडेपेटी सापडली. काय भांडण झालं ते मला ठाऊक नाही, कारण भांडण झालंच नसावं. आई गप्प झाली आणि बाबाही. बाबा कधी दारू प्यायलेले मी पाहिले नाहीत. तरी आई एखादवेळी फोडणी देता देता म्हणायची, “मी इथे तान्हं पोर घेऊन, आणि हे तिथे बारात.” बाबा पेपर वाचत राहायचे.

त्या दिवशी त्यांनी मला दाढीच्या सामानाचा डबा आणायला सांगितला. तळाला ही काडेपेटी होती.

“मिळाला तर आण,” ते म्हणाले.

तेहतीस वर्षांत या माणसानं माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मी म्हटलं, “आणतो, बाबा. माझं तर कामच आहे ते.” छाती फुगली होती माझी. ओसाका-कोबेच्या सगळ्या कान्साई प्रांतातले मोडके बार मला पाठ होते. आणि माझं आडनावही मोडकच.

तर त्या रविवारी कोबेच्या मोठ्या स्टेशनवर उतरलो आणि डोंगराच्या दिशेनं चढायला लागलो. कोबे शहर समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये पट्टीसारखं पसरलेलं आहे. रस्ता चढत असला की डोंगराकडे आणि उतरत असला की बंदराकडे, एवढं लक्षात ठेवलं की माणूस चुकत नाही. मी चुकलो नाहीच. पत्त्यावर बरोबर पोचलो. तिथे मोबाइल फोनचं दुकान होतं. आतल्या मुलीनं काडेपेटी दोन्ही हातांनी घेतली, खूप वेळ निरखून पाहिली, तीनदा माफी मागितली आणि मला नव्या फोनचं माहितीपत्रक दिलं. मीही तीनदा मान लववून ते घेतलं.

वरच्या गल्लीत मेहताकाकांचं मोत्यांचं दुकान आहे. कोबेत भारतीय व्यापाऱ्यांच्या तीन-तीन पिढ्या झाल्या. मेहताकाकांचा जन्मच तिथला. ऑफिसातल्या एकानं त्यांचं नाव दिलं होतं. सत्तरीचे गृहस्थ, बनियनवर जाकीट घालून गल्ल्यावर बसलेले. त्यांनी चहा आणि खाकरा पुढे केला आणि माझ्याशी हिंदीत बोलू लागले. त्यांचा नातू आत टीव्ही बघत होता. ते त्याला गुजरातीत हाक मारायचे आणि तो जपानीत उत्तर द्यायचा. ओसाकातल्या आमच्या लोकांच्या घरीही हेच चालतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

“मोडकसाहेब आठवत नाहीत,” ते म्हणाले. “तुमच्यासारखे पगारी लोक यायचे नि जायचे. आम्ही कुणाकुणाला लक्षात ठेवणार? पण ही पेटी ओळखतो. पंचाण्णवच्या भूकंपात ती बिल्डिंग बसली. बारची बाई जिवंत आहे. दोन गल्ल्या खाली, तळघरात. आत्ता जा, संध्याकाळी गिऱ्हाईक असतं.”

पगारी लोक म्हणाले ते मला लागलं. पण त्यांचं खोटं नव्हतं. बाबांना या गावात कुणीच लक्षात ठेवलं नव्हतं, एक त्या पेल्याखेरीज, असं मनाशी म्हणत मी खाली उतरलो.

तळघराच्या जिन्यावर बांबू ठोकलेले होते. दुपारचे तीन वाजले असतील. दार उघडंच होतं आणि फुलाफुलांचा फिकट झगा घातलेली पंचाहत्तरीची एक बाई गुडघ्यांना पट्टे बांधून काउंटर पुसत होती. जपानात बारच्या मालकिणीला ‘मामा’ म्हणतात. मराठी माणसाला ते जिभेवर यायला जरा वेळ लागतो. मी माफी मागून आत गेलो, काडेपेटी काउंटरवर ठेवली आणि वर पाहिलं.

तिच्या मागच्या फळीवर सहा पेले होते. जाड ओठ, फेंदारलेलं नाक, एक डोळा उघडा, एक मिटलेला.

तोंडात तयार केलेलं जपानी वाक्य विसरलो.

“मी मोडक,” म्हटलं. “इंडियाहून. माझे वडील इथे यायचे. फार वर्षांपूर्वी.”

तिनं पुसणं थांबवलं. माझ्याकडे बघत तिनं आठवून आठवून विचारलं, “अननसाचा रस? मीठ घालून?”

हो म्हणालो. उन्हाळ्यात घरी अननस आला की बाबा अजून फोडींना मीठ लावून खातात.

ती हसली, तोंडावर हात धरून. मग मला तिसऱ्या स्टुलावर बसवलं. “मोदाकु-सान इथेच बसायचे. दर शनिवारी. सहाला यायचे, आठच्या गाडीनं जायचे.”

“प्यायचे?”

“रस. सांगितलं ना, रस. हसायचे सगळे. ते लिहीत बसायचे.” तिनं छताला टांगलेला दिवा दाखवला. वाळवलेल्या फुगीर माशाच्या पोटात बल्ब घातला होता. “त्याच्या खाली. त्यांच्या खोलीत बरा उजेड नव्हता म्हणे. बायकोला पत्र. मुलगा झाला तेव्हा सगळ्यांना फोटो दाखवला.” मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, “तुम्हीच का?”

मीच. मी नुसती मान हलवली.

मग तिनं पेल्यांचं सांगितलं. जपानी बारमध्ये नेहमीच्या गिऱ्हाइकानं आपली बाटली नाव घालून तिथेच ठेवायची पद्धत आहे. परत आलं की तीच बाटली पुढे येते. तिच्या नवऱ्यानं बाटल्यांऐवजी पेले ठेवले. एका कुंभाराकडून साठ करून घेतले होते, फक्त या बारसाठी. माणूस दहाव्यांदा आला की त्याला लाल रंग आणि बारीक कुंचला द्यायचे. त्यानं पेला पालथा घालून स्वतःच्या हातानं बुडावर नाव लिहायचं. मग तो पेला त्याचा. इतर कुणाला त्यातून द्यायचं नाही.

बुडावर. लाल रंगानं. स्वतःच्या हातानं.

“तुमच्या वडिलांनी तुमच्या भाषेत लिहिलं,” ती म्हणाली. “आम्ही सगळे बघायला जमलो होतो. आधी एक आडवी तार ओढली. मग तिच्यावर एकेक कपडा वाळत घातला.” तिनं हवेत बोटानं रेघ ओढली आणि तिच्याखाली कपडे लटकवून दाखवले.

मी विचारायला नको होतं, तरी विचारलं. “आता कुठे आहे तो?”

ती पुन्हा काउंटर पुसू लागली. भूकंपात बरेच फुटले, ती म्हणाली. उरले ते नव्या जागेत आणले. पण आता गुडघे चालत नाहीत, स्टुलावर चढून धूळ पुसवत नाही. दोन वर्षांपूर्वी जी माणसं वीस-वीस वर्षं फिरकली नाहीत, त्यांचे पेले काढले. फेकवले नाहीत, म्हणून जुनं सामान नेणाऱ्याला दिले. छोटा टेम्पो घेऊन आला होता.

“इंडियाचा मी सगळ्यात शेवटी काढला. टेम्पो सुरू झाल्यावर वाटलं, परत मागून घ्यावा. पण निघालेल्या माणसाला थांबवणं बरं दिसत नाही.”

आता गप्प बसून निघून येता आलं असतं. निघून यायला हवं होतं, असं अजून वाटतं. पण तिचा चेहरा इतका पडला होता की मी बोलून गेलो.

“ते पेले माझ्याकडे आहेत. मीच घेतले. अकरा होते ना?”

तिनं चक्क टाळी वाजवली. “अकरा! मग झालं तर. बूड बघितलं नाहीत का?”

“मी ते घासले,” म्हटलं. जपानीत हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. “सगळे. स्वच्छ केले. नावं गेली.”

तिनं फडकं घडी घालून ठेवलं. मग मान तुकवून म्हणाली, “स्वच्छता चांगलीच.” माझ्यासाठी रस ओतला. चिमूटभर मीठ टाकलं आणि काचेच्या साध्या ग्लासात माझ्यापुढे ठेवला.

पुढच्या रविवारी मी आठही पेले टॉवेलात गुंडाळून घेऊन गेलो. आठवडाभर ऑफिसात संगणकासमोर बसून मी एकच गोष्ट करत होतो, बुडं आठवत होतो. अकरांपैकी एकावर आडवी रेघ होती का? काथ्या फिरवताना हाताखाली शिरोरेषा आली असेल तर मराठी माणसाला ती दिसू नये? एखाद्या क्षणी वाटायचं, होती, एकावर होती, आणि मी म्हटलंही होतं की ही खूण जरा वेगळीय. मग वाटायचं, हे आपण आता रचतोय. रखवालदाराच्या तळघरातले चिकटलेले कागद सुटे करत बसणारा माणूस मी. त्या सकाळी मी काहीच पाहिलं नव्हतं. मी घासत होतो.

मामानं एकेक पेला उचलून पालथा केला. नाकाशी नेला. “किती स्वच्छ,” म्हणाली. त्यात टोमणा होता की नाही, ते चार वर्षं जपानात राहूनही मला कळलं नाही. मग तिनं आठ पेले काउंटरवर ओळीनं मांडले, चष्मा लावला, काढला, दोनदा जागा बदलून पाहिल्या.

“यातला एखादा असेल,” ती म्हणाली. “किंवा नसेल. तीन तुम्ही देऊन टाकलेत म्हणता.”

ते परत मागवायला मी पत्रं टाकली होती. सप्पोरोच्या माणसानं कळवलं, त्याच्याकडचे केव्हाच विकले गेले. अमेरिकेतून उत्तरच आलं नाही.

निघताना तिनं गल्ल्यातून लाल रंगाची छोटी बाटली आणि कुंचला काढला. “तुम्ही दोनदाच आलात,” ती म्हणाली, “पण तुमचं नाव लिहा. वडिलांच्या जागी.”

मी म्हटलं, पुढच्या वेळी, आणि पेले पुन्हा टॉवेलात गुंडाळले. आणि मग, कसं काय सुचलं कुणास ठाऊक, ती बाटली मी आठवडाभर उसनी मागितली. कशाला, हे तिनं विचारलं नाही. जपानी माणसं विचारत नाहीत, ही त्या देशातली मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट होती. आता ती आवडत नाही.

मी घरी येऊन तेच केलं, जे तुमच्या मनात आलं असेल. आठांतला हाताला लागला तो पेला उचलला, पालथा घातला आणि लाल रंगानं बाबांचं नाव लिहिलं. दत्तात्रय मोडक. नखाएवढ्या जागेत सात अक्षरं बसवायची म्हणजे कसरत असते. मग चहाच्या पाण्यानं आणि बोटानं ते जरा जुनं केलं. संग्राहकाला हे सगळं येतं.

अनघा दारात उभी होती. “खरं सांगून टाक ना त्यांना.”

“खरं सांगून काय मिळणार आहे त्यांना?”

“आणि हे देऊन?”

“पेला मिळेल. त्यांनी पेलाच मागितलाय.”

“तू ज्याला देतोयस तो माणूस तीस वर्षं कारकुनी करत होता, अक्षर ओळखतो तो,” ती म्हणाली. पण तिचं ऐकण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

कंपनीकडून चार दिवसांची रजा काढून पुण्याला गेलो. पेला हातातल्या बॅगेत होता. मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं तो बाहेर काढून पाहिला आणि विचारलं, “हे काय, देव आहे का?” मी म्हटलं, नाही हो, पेला आहे. त्यानं मिटलेल्या डोळ्यावरून अंगठा फिरवला आणि जाऊ दिलं.

बाबा खिडकीपाशी आरामखुर्चीत होते. मी पेला त्यांच्या हातात दिला. चेहरा पाहिल्याबरोबर ते हसले. त्यांनी स्वतःचा एक डोळा मिटून मला दाखवला. मी लहानपणी त्यांना असं काही करताना पाहिल्याचं मला आठवत नाही.

“अरे, हाच,” ते म्हणाले. “हाच. आहे का ती बाई? बरी आहे?”

“बरी आहे, बाबा. तुम्ही बसायचात तिथेच बसलो मी. मीठ घालून रस दिला तिनं.”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. हातात कणीक होती.

“ती सांगत होती, तुम्ही तिथे बसून आईला पत्रं लिहायचात,” मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. “खोलीत उजेड नव्हता म्हणून.”

आईनं बाबांकडे पाहिलं. “मग सांगितलं का नाही कधी?”

“तू विचारलं नाहीस,” बाबा म्हणाले. “पेटी समोर ठेवलीस आणि आत गेलीस.”

बाबांनी मांडीवर पेला पालथा केला. चष्मा कपाळावर सरकवला आणि बूड डोळ्यांजवळ नेलं. फार वेळ पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

“नाव माझंच आहे,” ते शेवटी म्हणाले. “हात माझा नाही.”

“जुनं झालंय, बाबा. रंग उडालाय.”

“मी रेघ आधी ओढतो. आमच्या मास्तरांनी तसंच शिकवलं होतं, आधी रेघ, मग अक्षरं. तू मागून ओढतोस. पहिलीत असल्यापासून. ही अक्षरांच्या डोक्यावरून गेलीय, बघ.” त्यांनी पेला माझ्यापुढे धरला. “हे तू लिहिलंयस.”

आधी तार, मग कपडे. मामानं बोटानं हवेत करून दाखवलं होतं. मला कपडे लक्षात राहिले.

मग मी सगळं सांगितलं. देवळातला बाजार, अकरा पेले, बाथटब, ब्लीच, नेलपॉलिशची बाटली. तीन देऊन टाकले तेही. बाबा मध्येच म्हणाले, “तुम्ही दोघांनी मिळून घासलेत?”

“मी तोंडं घासली,” आई दारातून म्हणाली. “बुडं यानं घासली.”

तिनं हे इतक्या घाईनं सांगितलं की एरवी आम्ही सगळे हसलो असतो. ती कणकेचा हात तसाच धरून उभी राहिली आणि मग आत गेली. बराच वेळ आतून लाटण्याचा आवाज आला नाही.

“बाबा, माझं चुकलं.”

“घासलंस त्यात काय चूक. उष्टं भांडं होतं, कोणीही घासेल,” बाबा म्हणाले. “हे लिहिलंस ते कशाला?”



त्यांनी पेला माझ्या हातात दिला. “पेला राहू दे. गोळ्या ठेवीन त्यात. हे पुस.”

“पुसू?”

“खोटं नाव आहे. पुस.”

ओसाकाच्या घरी परतल्यावर मी संग्रह खोक्यांत भरून टाकला. मेनूकार्डं, राखदाण्या, सगळं. कोणाला विकायचं नाही, द्यायचंही नाही, कारण कशावर कोणाचं काय लिहिलं होतं हे मी आता सांगू शकत नाही. लोक विचारतात, संग्रह कसा जमवला. मी त्यांना सांगतो, बाजारातून. घरात तीस वर्षं दाढीच्या डब्यात एक काडेपेटी होती आणि तिच्याबद्दल मी बाबांना एकदाही विचारलं नव्हतं, हे त्यांना सांगत नाही. लाल रंगाची बाटली मात्र मी मामाला परत नेऊन दिली. माझं नाव लिहा, असं ती पुन्हा म्हणाली नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी पुण्यात मी पेला घेऊन मोरीत गेलो. आईनं काथ्या आणून दिला. नळ सोडला, पेला पालथा घातला आणि या वेळी घासण्याआधी मी बुडावरचं नाव नीट वाचलं.